चौथ्या वेळी आलेली जांभई

प्रिय रत्ना,

मोबाईल असताना हे पत्र आपल्या गावाच्या, पासलीच्या एसटीत कंडक्टरकाकांकडे दिले, याचे तुला नवल वाटेल. मागच्या आठवड्यात ‘नीट झोपत जा’ असे मी तुला कळवले, तेव्हा तुझे उत्तर आले, ‘ताई, माझी परीक्षा घेताय व्हय? मी न्हाई हरायची.’ म्हणून या वेळी वसतिगृहातून हाताने लिहिते आहे.

दहावीला तालुक्यात पहिली आले त्या दिवशी आमच्या गोरखदादाने काढलेला व्हिडिओ तुला तोंडपाठ आहे: ‘पहाटे चारला उठून अभ्यास करणारी वैष्णवी.’ तेव्हा दुपारचा एक वाजला होता. दारे-खिडक्या लावून दादा म्हणाला, ‘वैशे, पहाट वाटली पायजे. एक जांभई दे की!’ हसू आवरेना. चौथ्या वेळी जांभई जमली. मी चारला कधीच उठले नाही, रत्ना. सातला आई पांघरूण ओढायची. अभ्यास व्हायचा तो भाताच्या कणगीला टेकून, भर उजेडात.

लाखभर लोकांनी तो व्हिडिओ पाहिला आणि मग खरे सांगायची लाज वाटू लागली. रोज पहाटे चारला ‘उठलात का?’ असा माझा संदेश गावातल्या तुम्हा शिकणाऱ्या मुलींना येतो. तो मी आदल्या संध्याकाळीच लावून ठेवते. त्या वेळी मी झोपलेली असते, आणि तू उठलेली.

काल तुझ्या आईचा, चंद्राकाकूंचा फोन आला. भाकरी भाजताना तुला भोवळ आली आणि हात तव्यावर पडला. ‘डाक्टर म्हनला, झोप न्हाई पोरीला. पर ती माजं ऐकती व्हय? तुजंच ऐकंल. तूच सांग, बाई.’ त्यांच्या आवाजात माझ्यावर जराही राग नव्हता. तेच मला सोसवेना.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मी चार विषयांत नापास झाले आहे. इंग्रजीतून शिकवलेले कळत नव्हते, आणि व्हिडिओतल्या मुलीला काही अडते हे कोणाला सांगायचे धाडस झाले नाही. घरी निकाल लागायचाय असे सांगितले आहे. संदेश आजपासून बंद केले. पण तेवढ्याने तू झोपणार नाहीस, हे जाणून हे पत्र लिहिले. ते लपवू नकोस. आधी काकूंना मोठ्याने वाचून दाखव, मग आमच्या ओटीवर जाऊन आई-आबांना. माझ्या तोंडून ते निघत नाही. आणि मग, रत्ना, अंथरूण घाल. माझे एवढे तरी ऐक.

तुझीच,
सात वाजता उठणारी
वैष्णवीताई