पंधरा व्होल्टची शांतता

३ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला असता तर काम दोन मिनिटांत झालं असतं. पण तुम्ही फोनवर सगळ्याला हो हो म्हणता आणि नंतर मामी कळवतात की तुम्हाला एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं. तेव्हा पत्रच बरं.

आईने अंध मुलांच्या शाळेसाठी गाण्याचे बारा धडे रेकॉर्ड करून पाठवले होते. सोबत वाद्य नको, नुसता गळा हवा, म्हणजे मुलांना सूर नीट धरता येईल, अशी त्यांची अट. धडे परत आले. बाईंचा आवाज गोड आहे, पण मागे सतत घूं असं काहीतरी वाजतं, असं त्यांनी कळवलं आहे. एकतीस मार्चच्या आत स्वच्छ धडे मिळाले तर ठीक, नाहीतर ते दुसऱ्या गायिकेला विचारणार. आई वरवर म्हणते की जाऊ दे, त्यात काय मोठंसं. पण गेले तीन दिवस रोज भाजी करपते आहे.

तो घूं कुणाचा हे तुम्हाला सांगायला नको. आईच्या लग्नात तुम्ही हाताने बनवून दिलेला माइकचा ॲम्प्लिफायर, म्हणजे आमच्या घरचा डबा. त्याचा वीजपुरवठा मी नवा बांधला. रेग्युलेटर, मोठे कपॅसिटर, सगळं तुमच्या जुन्या वहीत बघून. सोल्डरिंग दोनदा तपासलं. तरी घूं आहेच, किंचित बारीक झालाय इतकंच. दिवसभर दुकानात गावाचे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करते आणि घरचा डबा मला दाद देत नाही, याची लाज वाटते. काय चुकलं ते लिहा.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, त्यात या वेळी घाईही असावी.

आपली,
ठिणगी


९ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अ. आ.

आधी एक कबुली. तो डबा मी आयुष्यात बनवलेला पहिला. त्याची घरघर मला लग्नाच्या मांडवातच ऐकू आली होती, पण तेव्हा बोलणार कुठल्या तोंडाने. पुढच्या फेरीत दुरुस्त करू म्हणता म्हणता एकतीस वर्षं गेली. तुझी आई कधी तक्रार करीना, म्हणून मीही विषय काढला नाही.

आता तुझं बघू. तू लिहिलंस सगळं, पण ट्रान्सफॉर्मर कोणता ते लिहिलं नाहीस. पैज लावतो, माझाच जुना ठेवला आहेस. दादाने, म्हणजे मी, स्वतः गुंडाळलेला म्हणून तुझ्या आईसाहेबांनी तुला फेकू दिला नसणार. बाई गं, तो बारा व्होल्टचा आहे. बारा हा सरासरीचा आकडा, लाटेच्या शिखराला डायोड ओलांडून कपॅसिटरवर जेमतेम साडेपंधरा पोचतात आणि तुला बाहेर पंधरा हवेत. रेग्युलेटरला वरचे निदान तीन व्होल्ट तरी मिळायला हवेत, तेव्हा तो त्यातला चढउतार कापून टाकतो. अर्ध्या व्होल्टात तो बिचारा काय करणार, आत येईल ते बाहेर सोडतो. माया ठीक आहे, पण व्होल्ट कमी पडतात.

अठरा व्होल्टचा नवा आण. तो वेगळ्या डब्यात, माइकच्या तारांपासून हातभर लांब ठेव. त्याच्या दोन तारांना वेणीसारखा पीळ घाल. रेग्युलेटरच्या ॲडजस्टच्या पायाला दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव, बारीक खरखर बसेल. आणि परतीच्या सगळ्या तारा एकाच ठिकाणी आण, मोठ्या कपॅसिटरच्या पुढे. तुझी सवय मला माहीत आहे, जिथे पत्रा दिसेल तिथे तार टेकवतेस.

झाल्यावर कळव, कारण हल्ली माझे कान तूच आहेस. मामी म्हणते की तिचं ऐकायला मला कान असतानाही जमत नव्हतं. आशीर्वाद आहेतच, वरून ही बोलणी मोफत.

तुझा,
मामा


२७ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पैज जिंकलात. तारांचंही खरं होतं, तीन ठिकाणी पत्र्याला टेकवल्या होत्या. सगळं उपसून नव्याने बांधलं. आता डबा चालू आहे की बंद हे दिव्याकडे बघूनच कळतं. हेडफोन लावून आवाज पूर्ण वाढवला तर मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मी खोलीत एकटीच नाचले.

पण मामा, आता आईलाच गाता येत नाहीये. पहिली ओळ ठीक जाते, दुसरीत सूर हलतो, तिसरीत ती थांबते. पाच दिवस हेच चाललंय. तिने मनाशी ठरवून टाकलं की वय झालं, गळा गेला. डॉक्टरांनी बघून सांगितलं की गळा ठणठणीत आहे, तर तिने डॉक्टरांनाच वेड्यात काढलं. शिकायला येणाऱ्या मुलांना नका येऊ म्हणून कळवून टाकलं. गंमत म्हणजे स्वयंपाकघरात फ्रिजजवळ कणीक मळताना ती एकही स्वर न हलवता गाते. रेकॉर्डिंगच्या खोलीत आली की संपलं. काल वीज गेली तेव्हा स्वयंपाकघरातही ओळीच्या मधेच अडकली आणि परात तशीच ठेवून बाहेर जाऊन बसली.

मला आता धड्यांची काळजी नाही. तिने गाणंच सोडलं तर या घरात कसं राहायचं ते मला कळत नाही. माझ्या शांत डब्याने असं काय केलं, सांगाल का? लोभ असाच ठेवा, मला सध्या त्याची गरज आहे.

आपली,
ठिणगी


४ मार्च

चि. घंटीस,
अ. आ.

लेकीचं पत्र वाचून मी एकटाच इतका हसलो की तुझी वहिनी चष्मा घेऊन धावत आली. तुझा गळा कुठेही गेलेला नाही. गेला आहे तो माझा डबा.

भिंतीतली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. डायोडमधून गेली की शंभर वेळा. माझ्या त्या पहिल्या डब्यातून येणारा घूं हाच, आणि तुझा आधारसूर बरोबर त्याच्या दुप्पट, वरच्या सप्तकात. एकतीस वर्षं तू शिकवताना, गाताना त्याच्यावर सूर टेकवत आलीस आणि तुला त्याचा पत्ताही नाही. फ्रिजही त्याच सुरात घुमतो. वीज गेली, फ्रिज गप्प झाला आणि तू अडकलीस. मीही असा दिवटा, की तू तक्रार का करत नाहीस हे मला आज कळलं.

काळजी करू नकोस. एका दुपारी मी छोटा डबा बनवून पाठवतो. तोच घूं फक्त तुझ्या हेडफोनमध्ये वाजेल, रेकॉर्डिंगमध्ये येणार नाही. हवा की नको तेवढं लिही. माझी चूक या वयात कामाला आली तर मला आनंदच आहे.

तुझा,
दादा


२४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला इतका राग आला की उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. म्हणजे मी जन्मभर तुझ्या डब्याचा हात धरून गात होते, आणि मुलांना मान ताठ ठेवून सूर स्वतः धरा म्हणून रागावत होते. छोटा डबा पाठवू नकोस. पाठवलास तर परत करीन.

फ्रिजचं बटणसुद्धा बंद केलं. दूध नासलं, तुझे भावोजी दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले. रोज सकाळी त्या मुक्या खोलीत दार लावून बसले. पहिले चार दिवस पायाखाली जमीनच नसल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू, मी रडलेसुद्धा. मग छातीच्या हाडावर तळवा ठेवून एकच स्वर धरून बसले. तो हाताला लागतो रे. आठव्या दिवशी पूर्ण गाणं झालं, दहाव्या दिवशी हात काढला. मुलांना परत बोलावलं आणि त्यांना सगळं खरं सांगितलं. ती तुझ्याहून जास्त हसली.

बारा धडे गेल्या आठवड्यात पाठवले, काल शाळेचं पत्र आलं. घेतले. पुढच्या वर्षाचेही माझ्याकडूनच हवे आहेत. ठिणगीने ते पत्र दुकानात काचेखाली लावलं आहे, जणू धडे तिनेच गायले.

सोबत एक प्रत पाठवते आहे. तुला ऐकू येणार नाही, म्हणून पाठवू की नको असं दोनदा वाटलं. पण डबा तुझा, आवाज माझा, तुझ्या घरी एक प्रत असावी. रागावले ते विसर, बाकीचं लक्षात ठेव.

तुझी,
घंटी


२ एप्रिल

चि. घंटीस,
अ. आ.

प्रत मिळाली. वहिनीने ऐकली आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून लावली, यावरून काय ते समज. मी माझ्या परीने ऐकली. माळ्यावरून ऑसिलोस्कोप काढला, धूळ झटकली आणि तुझा आवाज पडद्यावर घेतला. त्यावर आवाजाची रेघ दिसते.

आधी सरळ रेघ आली. यंत्र बंद पडलं असं वाटावं इतकी सरळ. तुझ्या पोरीचं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे तिला सांग, पण फार जोर देऊन नको. मग त्या रेघेवर गाण्याच्या आधी एक बारीकशी थरथर दिसली. मला वाटलं वायर सैल आहे. सगळ्या तारा दाबून पाहिल्या, पुन्हा लावलं, ती तिथेच. दुसऱ्या धड्याच्या आधीही तीच. वहिनीला विचारलं तेव्हा तिने सांगितलं की घंटी श्वास घेते आहे.

शाळेच्या वाटेवर तू माझ्यापुढे चालायचीस. गाणं सुरू करण्याआधी अगदी असाच एक श्वास घ्यायचीस आणि मी मागे उभा राहायचो, कारण माझ्या पावलांच्या आवाजात पहिला स्वर बुडायला नको असायचा. माझ्या डब्याने तो श्वास एकतीस वर्षं झाकून ठेवला होता. कान गेल्यापासून तुझं गाणं मी आठवणीतूनच ऐकतो आणि आठवण वर्षागणिक पुसट होते आहे, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. काल मला ते कधी सुरू होणार हे कळत होतं. बाराही धडे लावले आणि बाराही वेळा खोलीत येरझारा घालता घालता उभा राहिलो.

पुढच्या वर्षीचे धडे होतील तेव्हा पहिली प्रत इकडे धाड.

तुझा,
दादा