सोळा पुड्या

१६ सप्टेंबर १९९५, शनिवार

बोलून बसलो! आनेकलहून रविकिरणचा फोन — "दसऱ्याला अक्काला आणणार कशातून? अण्णांची गाडी तर धूर ओकते. आमच्या कारखान्याची व्हॅन पाठवू का?" मी म्हटलं, काही गरज नाही. इंजिन मी स्वतः घरी उतरवतो, दुरुस्त करतो आणि दसऱ्याला गाडी तुझ्या दारात आणून उभी करतो. तो हसला. धाकटा भाऊ हसला की माझं डोकंच फिरतं.

अण्णा गेल्यापासून आम्हा भावांचं ठरलेलं आहे. गुढीपाडवा ते दसरा आई — आम्ही तिला अक्का म्हणतो — इथे जयनगरला माझ्याकडे, दसरा ते पाडवा आनेकलला त्याच्याकडे. आणि जाणार ती अण्णांच्याच गाडीतून, दसऱ्याच्याच दिवशी. "तेच माझं सीमोल्लंघन. व्हॅनबिन नको," म्हणते. दिवस चुकला तर थेट पाडव्यापर्यंत घराबाहेर पाऊल टाकणार नाही — आणि पाडव्याला तर तिने इकडे परत यायचं! हिशोबच बसत नाही. पण आईला हिशोब कोण शिकवणार?

सतरा दिवस आहेत. अनुभव — स्कूटरचा प्लग एकदा साफ केला आहे.

१७ सप्टेंबर

अव्हेन्यू रोडच्या फुटपाथवरून या गाडीचं जुनं मॅन्युअल आणलं. इंजिन काढायची कृती अकरा पानं, चित्रांसकट. बसवायची कृती एक ओळ — "वरीलप्रमाणेच, उलट क्रमाने." म्हणजे लिहिणाराही काढूनच दमला असावा.

अहल्या म्हणाली, "अहो, पितृपक्षात उघडताय?" मी घाबरत अक्काकडे पाहिलं. असल्या बाबतीत ती फार कडक. पण डोळे मिटलेले, जपमाळेच्या पिशवीत, गोमुखीत हात, जप चालू — तशीच म्हणाली, "उघड की रे सूर्या. त्यांचीच गाडी, ते कशाला अडवतील?" नवल वाटलं.

१९ सप्टेंबर

रेडिएटर उतरला. इंजिनातलं काळं तेल धरायला भांडं सापडेना, म्हणून स्वयंपाकघरातली मोठी परात घेतली. अहल्या माझ्याशी बोलत नाही.

२१ सप्टेंबर

अहल्या बोलली! शेजारचे नरसिंहराव धावत सांगायला आले की गणपती दूध पितोय, सगळ्या गावात रांगा आहेत. मी गाडीखाली उताणा. ती म्हणाली, "त्यांना नका बोलावू. आमच्याकडे इंजिन चार वर्षं तेल पितंय, त्यांना कसलं आलंय नवल!"

नरसिंहराव मात्र थांबले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. इंजिनातलं त्यांना काही कळत नाही, पण कोणताही नट ढिला केला की "सरी, आयतु!" — ठीक, झालं — म्हणतात. बरं वाटतं.

२३ सप्टेंबर, शनिवार

इंजिन बाहेर!!

पोर्चच्या तुळईला अण्णांनी अक्काच्या झोपाळ्यासाठी कड्या बसवून घेतल्या होत्या. झोपाळा उतरवला, कड्यांना भाड्याचा चेन-ब्लॉक टांगला. साखळी ओढत गेलो, इंजिन इंच-इंच वर येत गेलं. शेवटी गाडीच्या वर लोंबकळत गोल गोल फिरायला लागलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. अक्काही बघत होती, भिंतीपाशी पाट टाकून. म्हणाली, "आता लगेच बसवता येत नसेल ना?"

म्हटलं, नाही गं, आता कुठे सुरुवात. तिने पुन्हा गोमुखीत हात घातला.

२४ सप्टेंबर

दुपारपासून धो धो. पोर्च गळतो हे इंजिनामुळे कळलं. हॉलमध्ये न्यावंच लागलं. बांबूला दोराने बांधून चौघांनी खांद्यावर घेतलं — मी, नरसिंहराव आणि समोरचे दोघे. त्यात सर्वपित्री अमावास्या! नरसिंहराव दारातच थबकले, म्हणाले, "कोणी 'राम' मात्र म्हणू नका हां."

हॉलच्या कोपऱ्यात भक्कम स्टुलावर ठेवलं आणि चौघेही कंबर धरून बसलो.

२५ सप्टेंबर, घटस्थापना

त्याच कोपऱ्यात दरवर्षी अहल्या नवरात्रातल्या बाहुल्या मांडते. इंजिन हलवायला खांदेकरी पुन्हा मिळेनात. एकाचीही कंबर सरळ नाही. तेव्हा अहल्याने इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पायऱ्या रचल्या, इंजिनावर जरीचं कापड टाकलं आणि त्यावर लाकडी राजाराणी बसवले. खालून सायलेन्सरची बाजू दिसते. तिथे तिने भाजीवाली ठेवली.

मी बोल्ट पुड्यांत बांधून ठेवले आहेत. वर्तमानपत्राच्या सोळा पुड्या, क्रमांक घालून, टोपलीत, इंजिनाशेजारी. पद्धत म्हणजे पद्धत.

२७ सप्टेंबर

राजाराणी उचलायचे, काम करायचं, पुन्हा राजाराणी बसवायचे. झिजलेली बेअरिंगं बदलून झाली. बायका हळदीकुंकवाला येतात आणि मी बाहुल्यांच्या मागून पाना मागतो. एक बाई म्हणाल्या, यंदाचा देखावा फार जिवंत आहे.

काम करताना कानावर पडलं. अहल्याने अक्काला विचारलं, "रविभावजी आणि जाऊबाई दोघंही दिवसभर कारखान्यात. आनेकलला तुम्ही दुपारचं काय करता हो?" अक्का म्हणाली, "भिंती मोजते. चार आहेत." मी हसलो. माझं लक्ष बेअरिंगकडे होतं.

२८ सप्टेंबर, गुरुवार

सर्वनाश.

संध्याकाळी गल्लीतली पोरं दारोदार "गोंबे कूरिसिद्दीरा?" — बाहुल्या मांडल्यात का — विचारत हिंडतात. बाहुल्या मांडल्या असतील तिथे खाऊची पुडी मिळते. अहल्याने चुरमुऱ्यांच्या पुड्या बांधून टोपलीत ठेवल्या होत्या. वर्तमानपत्राच्याच. ती नरसिंहरावांकडे हळदीकुंकवाला, मी ऑफिसात. पोरं आली. अक्काने दोन्ही टोपल्या रिकाम्या केल्या!

माझं इंजिन खाऊ म्हणून वाटलं गेलं!

"मला मेलीला काय दिसतंय या डोळ्यांनी," अक्का म्हणाली. कालच चष्म्याशिवाय पंचांग वाचत होती.

२९ सप्टेंबर

ऑफिसला रजा. दारोदार हिंडतोय. "तुमच्या मुलाने काल आमच्याकडून जे नेलं ते परत द्याल का?" — चाळिशी उलटलेल्या माणसाने हे वाक्य अकरा दारांत म्हणायचं!

एका घरी आजींनी चुरमुरे समजून वॉशर तोंडात टाकला होता. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "स्वल्प कडक होतं." दुसऱ्या घरी वाटलं ही मराठी लोकांची काही रीत असेल. त्यांनी बोल्ट साबणाने धुऊन, वर डाळीच्या कोसंबरीचा डबा देऊन परत केला. तिसऱ्या घरच्या मुलाने दोन नट देऊन मित्राकडून भोवरा घेतला होता. भोवरा मी नवा आणून दिला.

दिवसअखेर नऊ पुड्या.

३० सप्टेंबर

पंधरा! फक्त नऊ नंबरची पुडी नाही. त्यात एकच बोल्ट — लांब, जाड, इंजिनाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा. तो नसेल तर पहिल्या खड्ड्यात इंजिन रस्त्यावर आणि आम्ही पुढे.

जे. सी. रोडवर बारा दुकानं पालथी घातली. त्या आट्याचा बोल्ट कोणाकडेच नाही. लेथवर करून घ्या म्हणाले. लेथवाला म्हणाला, दसऱ्यानंतर या, मशीन धुऊन पूजेसाठी सजवलंय.

१ ऑक्टोबर

गादीखाली, कुंड्यांत, राजाराणींच्या कपड्यांत शोधलं. पिठाचा डबा चाळला. अक्का जप करत होती, तिला सतरंजीवरून उठवून सतरंजी झटकली. बिचारी एका हाताने पदर, एका हाताने गोमुखी सावरत उठली. आता माझ्यामुळे तिचं जाणं राहणार. मला रडू येईल असं वाटलं.

रविकिरणला फोन केला. त्याचाच कारखाना लेथचा! मोजमाप सांगितलं, दहा मिनिटांचं काम. तो म्हणाला, "अरे, हळदकुंकू लावून झालं मशीनला. दसरा होईपर्यंत हात लावता येत नाही. अक्काच ओरडेल." मग हसला.

२ ऑक्टोबर, आयुधपूजा

पाने, पकड, चेन-ब्लॉक — सगळी हत्यारं पाटावर. झेंडूच्या माळा. गाडीसमोर कोहळा फोडला. इंजिन नाही, पण चाकांखाली लिंबं ठेवली, कुठे जाणार आहे कोण जाणे. अक्काने इंजिनाला ओवाळलं, बराच वेळ.

आज काम करायचं नाही. कामच नाही.

३ ऑक्टोबर, दसरा

दिवस गेला. अक्का नवी साडी नेसून बसली होती. मी पाया पडलो, म्हटलं, "अक्का, माझ्यामुळे सीमोल्लंघन चुकलं गं." तिने आपट्याचं पान हातात ठेवलं. "असू दे रे. आता पाडव्यालाच बघू." पुरणपोळी दोन जास्त खाल्ली तिने. मला वाटलं, दुःखाने.

रविकिरण फोनवर म्हणाला, "उद्या सकाळीच बोल्ट करून देतो. परवा घेऊन ये तिला. मुहूर्ताचं काय घेऊन बसलाय, अक्काला मी समजावतो." ती समजावली की कबूल होते. कधी नाही म्हटलंय तिने?

४ ऑक्टोबर

सकाळी अक्का आंघोळीला गेली होती. खाली पडलेली गोमुखी खुंटीला अडकवायला उचलली. जड लागली. आत माळेबरोबर नऊ नंबरची पुडी, बोटांनी फिरवून फिरवून कागद मऊ झालेला.

तशीच परत ठेवली. आनेकलला फोन लावला, म्हटलं, बोल्ट करू नकोस रवी, हे इंजिन मला जमत नाही. तो हसला. हसू दे. मग चेन-ब्लॉक उतरवला आणि झोपाळा टांगला.