तंबाखू मळून होईपर्यंत

आप्पा, सांगलीच्या हळदीच्या गिरणीतला तुमचा ड्राइव्ह मी काल काढला. आईला तुम्ही सांगायचात तसं सांगायचं तर पॉलिशच्या ड्रमची मोटर आवरणारी ती पेटी. कंपनीने ते मॉडेल बनवणं केव्हाच बंद केलंय, सुटे भागही मिळत नाहीत. पंखा दोनदा बदलून झाला होता, आता आकडे दाखवणारा पडदाच काळा पडला. मालकांनी साताऱ्याला आमच्या ऑफिसात फोन केला आणि साहेबांनी मलाच पाठवलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तो ड्राइव्ह तुम्ही बसवलेला, यातलं त्यांना काही माहीत नाही. माहीत असायचं कारणही नाही. आष्टा मागे पडलं, गिरणीच्या दारात हळदीचा वास आला. आता काहीतरी वाटेल म्हणून मी थोडी थांबले. वाटलं काहीच नाही.

मेन स्विच खाली ओढला आणि घड्याळ लावून पाच मिनिटं उभी राहिले. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी तुमच्याबरोबर तिथे आले होते आणि स्विच पडल्या पडल्या पॅनेलमध्ये हात घातला होता. तुम्ही मनगट असं ओढलंत की बांगडी फुटली. "बंद केलं म्हंजे मेलं न्हाई ते," चार माणसांसमोर ओरडलात, "आत करंट दबा धरून बसल्याला असतोय. पाच मिनिटं दम निघत न्हाई व्हय तुला?" एसटीत मी वेगळ्या सीटवर बसले. घरी आई मोरीत तुमचा पिवळा शर्ट घासत बसली आहे, मी तिला मनगट दाखवते आहे, तुम्ही खाली मान घालून भाकरी कुस्करत म्हणता, "बांगडी नवी आणता येती. हात कुठनं आणायचा?" दुसऱ्या दिवशी तुम्ही बांगड्या नाही, टेस्टर आणलात. तो अजून माझ्या पिशवीत आहे.

नवा ड्राइव्ह बसवायला वेळ लागला नाही. अडलं ते पुढे. जुन्याचा पडदा गेलेला, त्यामुळे तुम्ही आत काय आकडे भरले होते ते दिसेना, आणि लिहिलेलं कुठे काही नाही. ड्रमने किती सेकंदांत वेग घ्यायचा त्याचा कंपनीच्या पुस्तकातला आकडा घालून सुरू केला तर भरलेला ड्रम हिसका मारून उठला, पट्टा किंचाळला आणि खाली हळकुंडांचे तुकडे पडले. सौद्यात तुकड्यांना कोण विचारतो? माल दुसऱ्या दिवशी सौद्याला जायचा होता आणि मालक दारातच उभे होते. ड्रमवरचे काका, तुमचे जोडीदार, अजून तिथेच आहेत. दात गेलेत, तंबाखू गेलेली नाही. मी त्यांना विचारलं, "काका, आप्पांच्या वेळी पूर्ण वेग यायला किती सेकंद लागायचे?"

"आगं, सेकंदाचं मला काय कळतंय? तुजं आप्पा बटण दाबायचं, मी तंबाखू मळायला घ्यायचो. मळून व्हटात धरली की ड्रम पुऱ्या जोरात. त्याच्या आदी न्हाई."

"मग मळा."

त्यांनी मळली, मी मोबाईलवर वेळ लावली. चुना लावून, दोन थापट्या मारून, ओठात धरेपर्यंत चाळीस सेकंद. चाळीस भरले. ड्रम म्हैस उठावी तसा सावकाश उठला, एक तुकडा पडला नाही. "ह्यो तुजा बापच बोलतोय बग," काका म्हणाले. तेव्हा मला रडू यायला हवं होतं. मी कागदावर चाळीस लिहिलं.

मालक खूश झाले. म्हणाले, "आप्पा माणूस लाखातला, पण एक ओळ लिहून ठेवली नाही. एवढं तरी करायला हवं होतं." मी म्हणाले, "हो, त्यांना लिहायची सवय नव्हती."

तुम्ही फोन केला होता आप्पा. दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या आठवड्यात, गिरणीतूनच. "वही घे, मी सांगतो ते आकडं लिवून घे. माजं अक्षर कुणाला लागायचं न्हाई." मी म्हटलं, कंपनीचं पुस्तक असतं की, कंपनी कुठं पळून चाललीय? रविवारी येते. रविवारी आले नाही, आणि तुम्ही पुन्हा विचारलं नाही. एवढं मालकांना सांगायला काल तंबाखू मळण्याइतकाही वेळ लागला नसता. काका शेजारीच होते. तो फोन तुम्ही त्यांच्याच मोबाईलवरून केला होता. त्यांनी परत तंबाखूची डबी उघडली.

हे मी कामाच्या वहीत मागच्या बाजूला लिहितेय, वही पिशवीतच राहील. नव्या आकड्यांचा कागद मी पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलाय. खाली तुमचं नाव घालणार होते. सवयीने माझी सही झाली, आणि मी ती तशीच राहू दिली.