हिरव्या दोऱ्याचे तीन टाके

टॅलो क्रीक, जॉर्जिया
३ एप्रिल १९६२

प्रिय वर्डेल,

तुझं पत्र मिळालं. पंधरा तारखेला, पाम संडेच्या सणाला नोरालीनला घेऊन येतेस हे वाचून मी स्वयंपाकघरातच मटकन बसले. बाई गं, यंदा येऊ नकोस. इथे गालगुंडाची साथ आहे. शेजारच्या मॅटीची तिन्ही पोरं टम्म गाल घेऊन बसली आहेत. तुझ्या खोलीचं छत गळतंय. शिवाय माझा गुडघा असा काही धरलाय की नातीला कडेवर घेणंसुद्धा व्हायचं नाही. डेट्रॉइटहून दोन दिवस बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि इथे येऊन आईचं कण्हणं ऐकायचं, कशाला? उन्हाळ्यात ये. नाहीतर मीच येईन.

तू म्हणशील, आईचा गुडघा गेली दहा वर्षं धरलेलाच आहे आणि छत तर माझ्या जन्माआधीपासून गळतंय. तुला थाप मारायची सोय लहानपणापासूनच नाही. बरं, खरं सांगते. हे पत्र मी आपल्या पोस्टात टाकत नाहीये. डीकन थॅडियसच्या बायकोचा, ओझेलाचा, भाऊ मेकनला जातोय, तो तिथून टाकेल. का, ते पुढे कळेल.

आपलं चर्च जळाल्याचं तुला कळवलं होतं, कसं ते लिहिलं नव्हतं. मतदारयादीत नाव घालायचा अर्ज कसा भरायचा, हे डीकन तिथे बुधवारी प्रार्थनेनंतर शिकवायचे. मीही दोनदा गेले, अगदी मागच्या बाकावर, दाराजवळ. फेब्रुवारीत एका बुधवारी सगळे घरी गेल्यावर कुणीतरी आग लावली. सकाळी भिंतीही उरल्या नव्हत्या. आणि दुपारी शेरीफने डीकनलाच धरून नेलं! म्हणे, गोऱ्यांना बदनाम करायला म्हाताऱ्याने स्वतःच काडी लावली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. ज्या माणसाने त्या चर्चची एकेक फळी स्वतः रंधा मारून बसवली, तो जाळेल? एकसष्टीचा मधुमेही माणूस सात आठवडे कोठडीत आहे. डाव्या पायाची बोटं काळी पडायला लागली आहेत, असं ओझेला सांगते.

आता माझं ऐक. जानेवारीत मिस्टर क्लाइडच्या घरून नेहमीसारखा गठ्ठा आला. त्यांचे कपडे एकोणीस वर्षं मी धुतेय, तुलाही त्या घराच्या पायऱ्या पाठ आहेत. चादरींमध्ये एक लांब पांढरा झगा निघाला, टोकदार टोपीसकट. हातात घेतल्यावर कळलं काय आहे ते: रात्री आपल्या लोकांची घरं जाळत फिरणारे गोरे घालतात तसला. त्यांच्या बायकोने, मिस आयडाने, नजरचुकीने टाकला असणार. परत नेऊन दिला असता तर मी तो पाहिला, ओळखला, हे त्यांना कळलं असतं. न धुता पाठवला असता तरी तेच. मग मी मुकाट्याने धुतला. नीळ घातली, खळ केली, कडक इस्त्री केली. एवढ्यावर थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण घराघरांचे कपडे मिसळू नयेत म्हणून नवा कपडा आला की मी गळ्याच्या आतून खूण करते ना? डॉक्टरांच्या घराला निळा दोरा, न्यायाधीशांच्या घराला पिवळा, मिस्टर क्लाइडच्या घराला हिरव्या दोऱ्याचे तीन टाके. डोकं भीतीने बधिर झालं होतं, हातांनी आपलं रोजचं काम केलं. गठ्ठा पोचवून परत येताना वाटेत आठवलं. मिस आयडा एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात मळक्या कपड्यांवर पीचच्या मुरंब्याची बरणी ठेवलेली होती. ती मी अजून उघडलेली नाही.

आगीच्या दुसऱ्या दिवशी चर्चमागच्या काटेरी तारेवर ओझेलाला एका झग्याचा फाटका पांढरा गळा अडकलेला सापडला. आतून तीन टाके, हिरवे. तिने तो पिठाच्या डब्यात लपवला आणि अटलांटाहून वकील आले तेव्हा त्यांच्या हातात दिला. टाके कुणाचे, हे ओझेलाला कुणी सांगायची गरज नव्हती. ती त्यांना घेऊन माझ्याकडे आली. वकील आपल्यातलेच, तरुण, फार अदबशीर. म्हणाले, “मिसेस गेन्स, तुम्ही हे टाके ओळखता का?” मला आयुष्यात कुणी मिसेस गेन्स म्हणून अहोजाहो केलं नव्हतं गं. आणि मी काय म्हणाले? “नाही साहेब. हे माझं काम नव्हे.” ओझेला शेजारीच बसली होती. तिच्या अंगातल्या कोटाची उसवलेली बाही मीच शिवून दिलेली. मला वाटलं, आता ही माझ्या झिंज्या धरणार. ती फक्त म्हणाली, “थोडं पाणी दे गं, लुएटा.” प्यायली आणि गेली. घर सोडताना तू मला म्हणाली होतीस, “त्यांचे डाग धुता धुता तुझा कणा गेला, आई.” तेव्हा मी तुझ्या थोबाडीत मारली होती. ती मारायला नको होती.

बारा दिवस मला घास गोड लागला नाही. मग मी स्वतःच उठून ओझेलाकडे गेले आणि सांगितलं, मी बोलते. सोमवारी, सोळा तारखेला, खटला उभा राहतोय. ज्युरीत जे बारा जण बसतील त्यांतल्या निम्म्यांचे सदरे माझ्याच इस्त्रीखालून गेलेले असतील. ते माझं खरं मानतील असं समजण्याइतकी मी खुळी नाही. पण वकील म्हणतात, एकदा तुमचं बोलणं कागदावर आलं की वरच्या कोर्टात डीकनना सोडवता येईल. साक्षीदारांची नावं कोर्टाला आधी कळवावी लागतात. मिस्टर क्लाइडचा मेहुणाच तिथे कारकून आहे.

शनिवारी भर दुपारी मिस्टर क्लाइड आले. मी अंगणात चादरी वाळत घालत होते. कुंपणाला टेकून म्हणाले, “काय गं लुएटा, कंबर बरी आहे ना?” मी म्हटलं, “बरी आहे, साहेब.” “तुझ्या हाताची इस्त्री दुसऱ्या कुणाला जमत नाही बघ.” मग जरा हसले. “वर्डेल येतेय म्हणे पाम संडेला? छोटीला घेऊन? मेकनला बस बदलावी लागेल तिला. ती पुढची गाडी कुठेही बंद पडते हं, मधल्या रस्त्यात. जपून यायला सांग.” तुझं पत्र मला आदल्याच दिवशी मिळालं होतं, आणि मी ते कुणाला वाचून दाखवलं नव्हतं. पाकीट पुन्हा पाहिलं तर कडेचा डिंक ओला करून परत चिकटवलेला. ते गेले तरी मी ओली चादर छातीशी धरून तिथेच उभी होते, अंग भिजून थंडगार पडलं तरी समजलं नाही.

तुझा स्वभाव मला माहीत आहे. हे वाचून तू म्हणशील, मग तर मी येणारच, आईला एकटीला उभी राहू देणार नाही. म्हणूनच हे पत्र लिहितेय. माझं काय व्हायचं ते होईल. घराच्या काचा फोडतील, घर जाळतील, त्याची भीती मी रोज थोडी थोडी गिळतेय. पण मी स्वतःला ओळखते, वर्डेल. मी एकदा “नाही साहेब” म्हणाले आहे आणि ते म्हणणं किती सोपं असतं ते मला ठाऊक आहे. सोमवारी मी शपथ घेऊन उभी राहिले आणि वर आपल्या काळ्या लोकांना बसवतात त्या सज्जात तू नोरालीनला मांडीवर घेऊन बसलेली दिसलीस, तर माझ्या तोंडून पुन्हा तेच निघेल, आणि डीकन त्या कोठडीतच मरतील. तू इथे नसलीस तरच मला खरं बोलता येईल. येऊ नकोस गं, पोरी.

तुझीच, कायमची घाबरट,
आई