ताकात बुडवलेले हात

माय, तुझ्यावर माझा एक जुना राग होता. तो चुकीचा होता हे तू गेल्यावर इतक्या वर्षांनी कळलं, म्हणून लिहायला बसले आहे. राग असा, की मी शाळेतून धावत यायचे आणि तू मला जवळ घ्यायची नाहीस.

नंदुरबारला मिरची वाळत घालतात त्या पथारीवर तू दिवसभर लाल मिरच्यांचे देठ खुडायचीस. घरी आलीस की हातांची नुसती आग. एकदा तसाच हात माझ्या डोळ्याला लागला आणि मी किंचाळून गल्ली गोळा केली. तेव्हापासून दारातूनच "सरक तिकडे" म्हणायचीस. शेजारच्या काकूंकडचं ताक परातीत ओतायचं, दोन्ही हात मनगटापर्यंत त्यात बुडवायचे आणि चुलीपाशी बसायचं, हे तुझं रोजचं. मी फणकाऱ्याने समोरच्या भिंतीला टेकायचे. मग तू म्हणायचीस, "सांग, काय व्हयनं आज? मी आयकी ऱ्हायनू." हात ताकात, म्हणजे भाकरी नाही, झाडू नाही, काही नाही. आग थांबेपर्यंत तू नुसती माझ्याकडे बघत ऐकायचीस. आणि मला वाटायचं, कसली ही आई, सगळ्यांच्या आया पोरींना कुशीत घेतात!

तिसरीत असताना असंच बसल्या बसल्या मी सांगून टाकलं, की कोपऱ्यावरचा दुकानदार गोळी देताना मला आत ओढतो. तू 'गेलीसच कशाला' असं विचारलं नाहीस. 'खरं सांगतेस का' असंही नाही. ताक ठिबकत असलेल्या हातांनीच उठलीस आणि मला घेऊन थेट दुकानात. चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. "मन्ही पोरले हात लावस का रे? आते लाव, मी उभी शे!" तो माणूस पांढराफटक पडला. मी तुझ्या पदराआड. खरं सांगू? मला त्याची नाही, तुझीच लाज वाटली होती. गल्लीत चर्चा झाली म्हणून दोन दिवस तुझ्याशी अबोला धरला मी. अक्कल बघ माझी.

आता तुझी लेक अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. म्हसावदकडच्या गावांत आयांच्या बैठका घेते. 'मुलांचं ऐका, त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका' हे मला तोंडपाठ आहे. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

कारण माझी स्वतःची पोर, चौथीतली, ओळीने तीन दिवस सकाळी म्हणत होती, पोट दुखतंय. मी मोबाईलवर गावांची माहिती भरत होते. मान वर न करता तिला ओवा दिला. त्या आठवड्यात चाचणी होती, म्हणजे नाटक, असं ठरवून मोकळी झाले. तिसऱ्या दिवशी ती दाराला धरून राहिली, तर दप्तर मीच नेऊन शाळेच्या व्हॅनमध्ये ठेवलं आणि तिला दंडाला धरून बसवलं. माय, मी माझ्या हातांनी बसवलं गं तिला.

चौथ्या सकाळी लाइट नव्हती, मोबाईल बंद पडलेला. करायला काही नाही म्हणून मी तिच्याजवळ फरशीवर बसले. ती एकच मोजा हातात घेऊन बसली होती. मी काही विचारलंही नाही. ती त्या मोज्याकडे बघत बोलली, "व्हॅनवाले काका मलाच पुढे बसवतात. मांडीवरचा हात काढत नाहीत. म्हणतात, आईला सांगितलंस तर आई रागावेल." आणि मी रागावतच होते ना, रोज सकाळी! त्या मेल्याला आमचं घर बरोबर कळलं होतं.

हे म्हणाले, "पोरीचं नाव खराब होईल, व्हॅन बदलू आणि विषय संपवू." मी म्हटलं, त्या व्हॅनमध्ये आणखी सात पोरी बसतात, त्यांचं काय? शाळेत सांगितलं, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. तुझ्यासारखा आवाज काही लागला नाही मला. पण सही केली. त्याला धरलंय. हेही आता मुकाट्याने रोज तिला शाळेत सोडून येतात. पोर जेवते, झोपते, हळूहळू हसायलाही लागली आहे.

काल वेणी घालताना तिने विचारलं, "मम्मी, मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तू खरं मानलं असतंस?" मी लगेच म्हटलं, "हो गं, म्हणजे काय!" तिने मान हलवली आणि रिबीन माझ्या हातात दिली.

हे पत्र कुठे टाकणार आहे मी, वहीतच राहील. तिला सांगायची अजून हिंमत नाही, म्हणून तुला सांगते. मी नसतं मानलं, माय.