काळा किती काळा

३ फेब्रुवारी, रविवार
आई म्हणाली, टीव्हीत धूर भरल्यासारखं दिसतं. संध्याकाळच्या शोकसूचना बघते ती. कुणाच्या घरी मयत, कोणत्या गावी, कोणत्या शनिवारी अंत्यविधी, हे कळल्याशिवाय तिला जेवण जात नाही. सूचनेतला माणूस काळ्या कपड्यात, मागे काळा पडदा. वेगळा ओळखू येत नाही म्हणे. मला येतो. पण मी शाळेत विज्ञान शिकवतो. काय दिसायला हवं हे ठाऊक असलं की दिसतंच.
निदान : पॅनेल थकलंय.
संकल्प : ईस्टरपर्यंत आईला नवा टीव्ही. घाई नाही. आधी अभ्यास.

७ फेब्रुवारी
अभ्यास सुरू. कॉन्ट्रास्ट म्हणजे पडद्यावरचा सर्वांत पांढरा भाग सर्वांत काळ्याच्या किती पट उजळ, एवढंच. खोक्यावर लाखांचे आकडे असतात ते फसवे. पांढरा एकदा मोजतात, मग दिवा मंद करून काळा मोजतात. खरा आकडा एकाच चित्रात मोजलेला. तो खोक्यावर छापत नाहीत. शिवाय पडद्यामागे दिवा, म्हणजे बॅकलाइट, कायम जळत असतो. तो पुरता अडत नाही, थोडा झिरपतो, काळ्याचा राखी होतो. म्हणजे धूर. आईनं नकळत नेमका शब्द वापरला.
शिक्षकांच्या खोलीत सगळं समजावून सांगितलं. घंटा झाली तरी भूगोलाच्या बाई उठल्या नाहीत. झोप लागली होती, ही गोष्ट वेगळी.
धाकट्या बहिणीचा, सेरवाचा फोन. आईला डोळ्यांच्या दवाखान्यात ने म्हणाली. ती बाजारात कापड विकते. दोष टीव्हीत आणि शोधायचा डोळ्यात.

१७ फेब्रुवारी, रविवार
काल माम्पाँगला मयताला गेलो होतो. मांडवात घरची मंडळी रांगेनं बसलेली. उजवीकडून सुरुवात करून प्रत्येकाशी हात मिळवत जायचं, एकालाही वगळायचं नाही. आईनं घराण्याच्या म्होरक्यालाच वगळलं. तो हात पुढे करून बसला होता. ती पुढच्या बाईकडे गेली. मागून कुणी तरी आईला ऐकू जाईल असं म्हणालं, बिरागोबाईंना आता आमचे हात चालत नाहीत.
मी म्होरक्याला शांतपणे समजावलं : तुमची पाठ उन्हाकडे. अंगावर काळं, कातडी काळी, मागून उजेडाचा लोट. कॉन्ट्रास्ट शून्य.
तो म्हणाला, "मास्तर, पुढच्या वेळी हाताला चुना लावून बसतो."
रिवाजाप्रमाणे माफीची दारूची बाटली घेऊन सेरवा आज पुन्हा तिकडे गेली. आई सकाळपासून खोलीबाहेर आली नाही. तिलाही त्या मांडवाची रचना खटकली असणार.

९ मार्च
अडुमच्या बाजारात बोआहेनचं टीव्हीचं दुकान. दुकानदार पडदे मुद्दाम भडक लावतात. सगळीकडे पोपट आणि फळं, काळा कुठेच नाही. त्यात वर ट्यूबलाइटचा झगमगाट. अशा उजेडात कुठलाही काळा ओळखू येत नाही. म्हणून घरून काळी चादर नेली होती. टीव्ही आणि मी, दोघांवर पांघरली आणि आतून तपासणी केली. बाहेर गर्दी जमल्याचं जाणवत होतं. बोआहेननं विचारलं, मास्तर, प्रार्थना आटोपली का.
एकही टीव्ही पसंत नाही.
घरी आल्यावर बायको, आफ्रिये, म्हणाली, बघायचं सासूबाईंना आहे, त्यांना का नेलं नाहीत? आईला बॅकलाइटमधलं काय कळतं?

२२ एप्रिल, ईस्टरचा सोमवार
टीव्ही आला. संकल्प पूर्ण. आईला समोर बसवलं. ती म्हणाली, छान आहे. खरं सांग म्हटलं. मग म्हणाली, मध्ये बरं दिसतं, कडांना अंधार आहे.
मी रिमोट खाली ठेवला. बरोबर! या प्रकारात दिवे फक्त कडेला बसवतात, मग उजेड सारखा पसरत नाही. मला कडांना काही दिसत नव्हतं, तिला दिसलं. या वयात अशी बारीक नजर! सेरवाला मुद्दाम फोन करून सांगितलं. ती रडत असावी. आनंदानं माणूस रडतं.
टीव्ही परत करणार.

११ मे
बोआहेननं टीव्ही परत घेतला, पण तोंड वाकडं करून. नवा मागवलाय. यात दिवे पडद्याच्या पूर्ण पाठीमागे, चौकोनाचौकोनांत. चित्रात जिथे काळं, तिथले दिवे विझतात.
सेरवा दारात गाडी उभी करून आली. दवाखान्यात आईचं नाव लावलं होतं तिनं, मला न विचारता.
"दादा, आईनं काल सूपचा वाडगा टेबलाच्या बाहेर ठेवला. हवेत. तिच्या पायावर सांडलं."
मी म्हटलं, पंधरवड्यात नवा टीव्ही येतोय. डोळे आणि टीव्ही एकदम बदलले, तर फरक कशानं पडला हे कळणार कसं? प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सातवीच्या मुलांनाही हे येतं.
"ती आई आहे, दादा."
आई खुर्चीतून म्हणाली, "राहू दे, सेरवा. त्याचं होऊ दे आधी."
गाडी रिकामी गेली. आई समजूतदार आहे. सेरवा वडिलांवर गेली.

२ जून
टीव्ही अप्रतिम. काळा म्हणजे काळा. खिडक्यांना ब्लँकेटं लावली आणि आईची रीतसर चाचणी घेतली. पडद्यावर राखी चौकोन, त्यांतला एक किंचित उजळ. कुठला ते सांगायचं. सुरुवातीला तिचं चुकत होतं. मी जरा जोरात समजावल्यावर एकही चूक नाही.
यश. एवढं वाचन केलं त्याचं चीज झालं.
आफ्रियेचं म्हणणं, चित्र बदलायच्या आधीच सासूबाई उत्तर देतात. तुमचा आवाज चढला की डावीकडचा म्हणतात, उतरला की उजवीकडचा. हिला घरातलं कुणाचंच चांगलं बघवत नाही.

१६ जून
आई न्हाणीच्या दारावर आपटली. कपाळाला टाके. उजळ पडद्यावरून नजर काढली की क्षणभर अंधारी येते, हा नव्या टीव्हीच्या ताकदीचा पुरावाच. बॅकलाइट दोन घरं खाली आणला.

१८ जुलै
विश्वासघात. मी परीक्षेवर देखरेखीला होतो, तेवढ्यात सेरवा आईला दवाखान्यात घेऊन गेली. आफ्रिये सामील होती.
काचबिंदू. डोळ्यांतला दाब वाढून मागची नस मरत आली. एक डोळा गेला. दुसऱ्याला नळीतून बघितल्यासारखं थोडं दिसतं. गेलेलं परत येत नाही. फेब्रुवारीत आल्या असत्या, तर औषधाच्या थेंबांनी बरंच राखता आलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना टीव्हीच्या पडद्यांबद्दल दोन-तीन प्रश्न विचारावेत म्हणून संध्याकाळी गेलो. त्यांना एकाचंही उत्तर आलं नाही. उलट म्हणाल्या, हा रोग घराण्यात उतरतो, तुम्हा भावंडांनी ताबडतोब तपासून घ्या.
सेरवा तिथेच रांगेत बसली. मी निकालाच्या गडबडीत आहे.

२० जुलै
आईशी शांतपणे बोललो. प्रयोग फसला नाही, फक्त नमुना सदोष होता, असं समजावलं. ती माझा हात चाचपून म्हणाली, "क्वाबेना, तो चालू असला की मला सांगत जा. कुठे तोंड करून बसायचं ते मला कळत नाही."
मी सांगितलं, डावीकडे.

४ ऑगस्ट
सेरवा आईला कायमची घेऊन गेली. टीव्ही ने म्हटलं, नेला नाही. तिच्यात कृतज्ञता नाही. स्वतःचे डोळे बरे निघाले म्हणाली, तूही तपासून घे म्हणाली. सुट्टीत बघू.

१२ सप्टेंबर
नवं शैक्षणिक वर्ष सुरू. शाळेला यंदा निकृष्ट खडू आलाय. फळ्यावर मीच लिहिलेलं मला टेबलापाशी उभं राहून धूसर दिसतं, दोन्ही टोकांना तर जवळजवळ उमटतच नाही. शेवटच्या बाकावरची मुलं म्हणतात, सर, आम्हाला सगळं दिसतं. खोटं बोलतात, घाबरतात मला. मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार दिली. खडूची पूर्ण तपासणी होईपर्यंत दुसरं काहीही बदलायचं नाही.