सतरा बागा आणि आई

३ एप्रिल, रविवार
नवरा घर सोडून गेला त्याला आज तीन महिने. घरात मी आणि त्याची आई. दोघी एकमेकींना चुकवत वावरतो. आज मीच म्हटलं, "आई, बागेत येता?" नगरपालिकेच्या नकाशात सतरा बागा आहेत म्हणे — मी जेमतेम दोन पाहिल्यात! त्यांनी चपला घातल्या.

१० एप्रिल, रविवार
गिरणीमागचं मैदान. बाग कसली — गुडघाभर गवत आणि एक मोडका बाक. मी सरळ आडवी झाले. आठवडाभर दुकानात चष्म्याच्या काचा घासून डोळे शिणतात. आभाळ बघता बघता निवले. ढग इतके सावकाश जात होते, वाटलं आपणच सरकतोय. डोळा लागला. उठले तर तोंडावर सावली — आई छत्री धरून बसलेल्या! किती वेळ, कोण जाणे. "ऊन येत होतं तुझ्यावर." बस, एवढंच.

१३ एप्रिल
दादाचा फोन. "इकडे ये राहायला. तिथे आता तुझं कोण आहे?" महिनाअखेरीस येते म्हटलं. आईंना सांगायचा धीर होईना.

१७ एप्रिल, रविवार
तळ्याकाठची बाग. नाववाला गमतीने म्हणाला, "आजी, वल्हवता का?" — आणि वल्हं घेतलं की त्यांनी! नाव नुसती गोल गोल. हसून हसून पोट दुखलं. मग मधोमध थांबलो. पाणी, झाडं, आभाळ — वरचं कुठलं, खालचं कुठलं, कळेना. काठ नाहीसाच व्हावा असं वाटलं.
तिथेच सांगून टाकलं. भावाकडे जातेय. कायमची.
त्या पाण्यात बोटं बुडवून बसल्या. म्हणाल्या, "जा बाई. कुठल्या तोंडाने अडवू? लेक माझाच."

१८ एप्रिल
तीन काचा वाया घालवल्या. मालक ओरडले. डोळ्यांपुढे नुसतं तळं!

२४ एप्रिल, रविवार
टेकडीवरची बाग. वारा असा, की बोललेलं उडून जावं. खाली सगळं गाव उन्हाच्या झळांत पोहतंय. आमचं घर शोधलं — सापडलं नाही, आणि वाईटही वाटलं नाही. "अजून तेरा राहिल्या," आई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

२६ एप्रिल
त्याचा फोन! चुकलो म्हणे, उद्या परत येतो. मी फोन आईंपुढे धरला. आईंनी फोन घेतला. "मला काय विचारतोस? घर तिचं आहे. ती म्हणाली तर ये." फोन पुन्हा माझ्या हातात. मी म्हटलं, "नको."
मग दादाला कळवलं — येत नाही.